अमेरिकेत शिकायला आलात? मग करारातलं कलम २१ तुमचं आहे

फेब्रुवारीतली संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तीन डब्ल्यू-२ (वर्षभराचा पगार आणि कापलेला कर दाखवणारे कागद) पसरलेले होते: माझा, माझ्या नेपाळी रूममेटचा आणि लॅबमधल्या चिनी मित्राचा. तिघंही एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आणि तिघांनाही रिसर्च असिस्टंटचा जवळपास सारखाच पगार. कापलेला करही उन्नीस-बीस. रिटर्न भरून झाल्यावर मात्र तिघांचा कर तीन तऱ्हांचा निघाला. सगळ्यात कमी माझा, त्याच्या तिपटीहून जास्त चिनी मित्राचा आणि सगळ्यात जास्त नेपाळी रूममेटचा. त्याला वाटलं, बेरीज चुकली. बेरीज बरोबर होती. फरक होता तो तीन देशांनी अमेरिकेशी केलेल्या, किंवा न केलेल्या, करकरारांचा.

दर ऑगस्टमध्ये पुण्या-नाशिकहून, नागपूर-सांगलीहून नवी मुलं येतात आणि दर मार्चमध्ये तेच प्रश्न विचारतात. त्यांच्यासाठी हा लेख. मी कर सल्लागार नाही. चार-पाच वर्षं स्वतःचं रिटर्न भरलं, बऱ्याच जणांना शेजारी बसून भरायला मदत केली आणि पहिल्या वर्षी स्वतः सपशेल चुकलो, एवढीच पात्रता. खालचे आकडे २०२५ या करवर्षाचे आहेत. ते दरवर्षी बदलतात, त्यामुळे भरताना ताजे बघा.

पायरी १: आधी ‘अनिवासी’ आहात का ते ठरवा

इथे ‘निवासी’ हा शब्द व्हिसाचा नाही, करखात्याचा आहे. वर्षभर डॅलसमध्ये राहत असलात, भाडेकरार तुमच्या नावावर असला, तरी एफ-१ विद्यार्थी पहिली पाच कॅलेंडर वर्षं करापुरता ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असतो. या काळात तुमचे अमेरिकेतले दिवस मोजलेच जात नाहीत.

गफलत होते ती पाच वर्षं मोजताना. हिशेब कॅलेंडर वर्षांचा आहे आणि त्यात वर्षाचा एक दिवससुद्धा पूर्ण वर्ष धरला जातो. ऑगस्ट २०२४ मध्ये उतरलात, तर २०२४ हेच पहिलं वर्ष. मग २०२५, २६, २७ आणि २०२८ हे पाचवं. २०२९ पासून दिवस मोजायला लागतात आणि ती चाचणी पार झाली की तुम्ही करापुरते रहिवासी. आधी कधी एफ किंवा जे व्हिसावर आला असाल, अगदी एका सेमिस्टरच्या एक्स्चेंजवर, तर ते वर्षही यात धरायचं. हे बरेच जण विसरतात.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. अनिवासी माणसाचा फॉर्म वेगळा असतो: १०४०-एनआर. साधा १०४० हा रहिवाशांचा. माझी पहिल्या वर्षीची चूक नेमकी इथलीच. एका सीनियरने सांगितलं, ‘अरे, अमुक सॉफ्टवेअर फुकट आहे, रिफंडही दणदणीत येतो.’ आला की! कारण त्या सॉफ्टवेअरने मला रहिवासी समजून साधा १०४० भरला होता आणि अनिवाशांना न मिळणारी शिक्षणाची क्रेडिट, म्हणजे करातली थेट सूट, माझ्या पदरात टाकली होती. पुढच्या हिवाळ्यात लक्षात आलं. मग दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरून, त्याला दुरुस्त १०४०-एनआर जोडून, जास्तीचे पैसे व्याजासकट परत केले. तेव्हापासून कानाला खडा. सॉफ्टवेअर उघडल्यावर त्याने पहिल्याच पानावर व्हिसा आणि देशात आल्याची तारीख विचारली नाही, तर ते तुमच्यासाठी नाही. बहुतेक विद्यापीठांची परदेशी विद्यार्थी कचेरी अनिवाशांसाठीच्या सॉफ्टवेअरचा कोड फुकट किंवा स्वस्तात देते. आधी ते मागा.

पायरी २: करार कसा वाचायचा

भारत आणि अमेरिका यांच्यातला दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार १२ सप्टेंबर १९८९ रोजी नवी दिल्लीत झाला आणि डिसेंबर १९९० मध्ये लागू झाला. आपल्याकडचे सीए त्याला डीटीएए म्हणतात. तो अमेरिकेच्या करखात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या संकेतस्थळावर देशांच्या यादीत मिळतो. सोबत एक स्पष्टीकरणही असतं. ते जरूर वाचा, कराराच्या भाषेपेक्षा ते बरंच माणसाळलेलं आहे.

अशा करारांचा सांगाडा बहुतेक सारखाच असतो. रहिवासी कोण, धंद्याचा नफा, लाभांश, व्याज, रॉयल्टी, पगार, विद्यार्थी, प्राध्यापक अशी कलमं एकामागून एक येतात. सांगाडा सारखा आहे म्हणून ‘एकाचं वाचलं की सगळ्यांचं कळलं’ असं वाटतं, आणि तिथेच फसायला होतं. हाडं तीच असली तरी मांस प्रत्येक देशाचं वेगळं. वाटाघाटीत कुणी काय मागितलं आणि कुणी काय सोडलं, त्यावर एकेक वाक्य ठरलेलं असतं.

विद्यार्थ्यांच्या कलमाचंच बघा. चीनच्या करारातलं कलम २० त्यांच्या विद्यार्थ्याला वर्षाला ५,००० डॉलरपर्यंतची कमाई करमुक्त करून देतं. दक्षिण कोरियाच्या करारात ही रक्कम २,००० डॉलर आहे. नेपाळचा अमेरिकेशी असा करारच नाही, त्यामुळे माझ्या रूममेटच्या हाती काहीच नव्हतं. भारताने ठरावीक रक्कम मागितलीच नाही. आपल्या कलम २१ च्या दुसऱ्या उपकलमाचा मथितार्थ असा: ज्या देशात शिकायला गेलात, तिथल्या रहिवाशांना करात ज्या सवलती, सूट आणि वजावटी मिळतात, त्या तुम्हालाही मिळतील.

वाचताना फार काही वाटत नाही. पण अमेरिकेतल्या रहिवाशाला सगळ्यात मोठी सवलत कुठली मिळते? स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट वजावट. २०२५ साठी एकट्या माणसाला १५,७५० डॉलर. इतर अनिवाशांना ही वजावट मिळत नाही. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला मिळते. आणखी गंमत म्हणजे ५,००० चा आकडा करारात कोरलेला असल्यामुळे महागाई कितीही वाढली तरी तो तिथेच थिजून राहतो. आपली वजावट मात्र अमेरिकनांच्या वजावटीबरोबर वाढते. १९८९ साली दिल्लीत ज्या कुणी हे वाक्य घालून घेतलं असेल, त्याला एकदा चहा पाजायला हवा.

आता टेबलावरच्या तीन कागदांचा हिशेब २०२५ च्या दरांनी मांडू. तिघांचा पगार वर्षाला २०,००० डॉलर धरा आणि राज्याचा कर नाही असं समजा.

भारतीय विद्यार्थी: २०,००० मधून १५,७५० वजा, उरले ४,२५०. त्यावर १० टक्के, म्हणजे ४२५ डॉलर.

चिनी विद्यार्थी: ५,००० करमुक्त, उरले १५,०००. त्यातल्या पहिल्या ११,९२५ वर १० टक्के आणि पुढच्या रकमेवर १२. मिळून सुमारे १,५६० डॉलर.

नेपाळी विद्यार्थी: पूर्ण २०,००० वर कर, सुमारे २,१६० डॉलर.

म्हणून लॅबमधल्या दुसऱ्या देशाच्या मित्राचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी तो त्याच्या करारापुरताच खरा असतो. ‘मी ५,००० टाकले, तूही टाक’ हे ऐकून तशीच नोंद करणारे आपले दोघेतिघे मी पाहिलेत. पंधरा हजारांची वजावट सोडून पाच हजारांच्या मागे लागलेले, आणि ते पाचही त्यांचे नव्हतेच.

पायरी ३: कलम खरंच तुम्हाला लागू आहे का

कलम पासपोर्ट विचारत नाही, वास्तव्य विचारतं. अमेरिकेत येण्याच्या लगेच आधी तुम्ही भारताचे रहिवासी असायला हवं. चौथं उपकलम ते सैल करून सांगतं: ज्या करवर्षात अमेरिकेत आलात त्या वर्षी, किंवा त्याच्या लगेच आधीच्या वर्षी, भारताचे रहिवासी असलात तरी चालेल.

सांगली-साताऱ्याहून थेट आलेल्यांनी ही ओळ वाचून पुढे जावं. पण आखाती देशांत वाढलेली मराठी मुलं बरीच आहेत. आईवडील दुबईला किंवा मस्कतला, शाळा तिथलीच, पासपोर्ट भारतीय, आणि बारावीनंतर सरळ अमेरिकेत. त्यांच्यासाठी ही ओळ सगळ्यात महत्त्वाची. भारतात राहिलाच नसाल, तर निव्वळ भारतीय पासपोर्टवर कलम २१ मागता येत नाही. आधी विद्यापीठातल्या कर मदत केंद्रात स्वतःची कहाणी नीट सांगा, मगच फॉर्म भरा.

दुसरी अट अशी की अमेरिकेतला मुक्काम मुख्यतः शिक्षणासाठी किंवा प्रशिक्षणासाठी हवा. तिसरं उपकलम म्हणतं, ते शिक्षण पुरं व्हायला साधारणपणे जेवढा काळ लागतो तेवढाच काळ सवलत. ओपीटीवर (विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या, शिक्षणाशी निगडित कामाच्या परवानगीवर) असलेली बहुतेक मुलं अजून एफ-१ वर आणि प्रशिक्षणातच असतात, म्हणून तीही या कलमाचा आधार घेतात. मात्र डिग्री लांबवत नेऊन सवलत ओढत राहणं या वाक्यात बसत नाही.

पहिलं उपकलम राहिलंच. बाबांनी भारतातून फीसाठी, घरभाड्यासाठी पाठवलेल्या पैशांवर इथे कर नाही. ‘घरून आलेले २५ हजार डॉलर उत्पन्नात दाखवायचे का?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही दाखवायचे.

पायरी ४: नोकरी लागली त्याच आठवड्यात

कॅम्पसवर काम मिळालं की एचआर डब्ल्यू-४ पुढे करतं. कर पगारातून किती कापायचा ते या फॉर्मवरून ठरतं. अनिवाशाने लग्न झालेलं असलं तरी ‘सिंगल’चा चौकोन निवडायचा, ‘एक्झेम्ट’ लिहायचं नाही आणि पायरी ४(सी) खालच्या जागेत ‘नॉनरेसिडेंट एलियन’ असं लिहायचं.

आता यात आपल्यासाठी एक बारीक मेख आहे. अनिवाशाला सरसकट वजावट मिळत नाही असं गृहीत धरून पेरोलवाले कर कापण्यापुरती त्याच्या पगारात एक काल्पनिक रक्कम वाढवतात, म्हणजे कर जास्त कापला जातो. भारतातून आलेले विद्यार्थी या वाढीतून स्पष्ट वगळलेले आहेत. आयआरएसच्या पेरोलविषयीच्या सूचनांमध्ये भारताचं नाव घेऊन तसं लिहिलं आहे. पण विद्यापीठातल्या पेरोलच्या बाईंना शंभर देशांची मुलं सांभाळायची असतात. पहिल्या पे-स्टबवर कर फारच वाटला, तर सभ्य भाषेत एक मेल टाका. दुरुस्त झालं नाही तरी जीव तोडायचं कारण नाही, जास्त कापलेलं रिटर्नमध्ये परत येतं. फरक एवढाच की तोवर तुमचे पैसे सरकारकडे बिनव्याजी पडून राहतात आणि तुम्ही महिनाअखेरीला मॅगी खाता.

पायरी ५: डब्ल्यू-२ वाचायला शिका

जानेवारीच्या अखेरीपर्यंत डब्ल्यू-२ यायला हवा. छोट्या-छोट्या चौकोनांचा हा कागद आहे, आणि तुम्हाला त्यातले चारच चौकोन बघायचे आहेत.

चौकोन १ मध्ये पगार. चौकोन २ मध्ये कापलेला केंद्रीय कर. चौकोन ४ मध्ये सोशल सिक्युरिटी आणि चौकोन ६ मध्ये मेडिकेअर.

४ आणि ६ रिकामे असले की सुटकेचा श्वास सोडा. अनिवासी एफ-१ विद्यार्थ्याला हे दोन्ही कर लागू नाहीत, आणि ओपीटीवरही पाच वर्षं पुरी होईपर्यंत नाहीत. ही सूट करारातून आलेली नाही. ती अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यात आहे आणि नेपाळी रूममेटलाही तेवढीच लागू आहे. ओपीटीवरच्या छोट्या कंपन्यांना हे माहीत नसतं. त्या ६.२ आणि १.४५ असे मिळून ७.६५ टक्के बिनदिक्कत कापतात. २०,००० वर ते १,५३० डॉलर होतात, म्हणजे वर काढलेल्या तुमच्या कराच्या साडेतीनपट!

कापलं गेलं असेल तर आधी कंपनीकडेच मागा, लेखी. कंपनीने नाही म्हटलं किंवा नुसतंच टोलवत राहिली, तर फॉर्म ८४३ आणि त्याला जोडून फॉर्म ८३१६ आयआरएसला पाठवा. पैसे येतात, महिने लागतात.

पगाराऐवजी किंवा पगाराबरोबर राहण्या-खाण्यासाठी स्कॉलरशिप मिळत असेल, तर फॉर्म १०४२-एस येतो, बहुतेकदा मार्चच्या मध्यापर्यंत. त्याच्यासाठी थांबा, नाहीतर रिटर्न दुसऱ्यांदा भरावं लागेल. फी माफ झाली तर त्या माफीवर कर नाही. राहण्याच्या खर्चासाठीच्या रकमेवर आहे आणि ती देतानाच साधारण १४ टक्के कापून घेतात. कलम २१(२) मध्ये पगाराबरोबर अनुदानं आणि स्कॉलरशिपही आहेत, त्यामुळे सरसकट वजावट त्या उत्पन्नालाही चालते.

पायरी ६: प्रत्यक्ष फॉर्म

१०४०-एनआर डाउनलोड करा आणि वजावटीची ओळ शोधा. तिथे छापलं आहे की ही जागा तपशीलवार (एकेक खर्च दाखवून घ्यायच्या) वजावटींसाठी, किंवा ‘भारताच्या काही रहिवाशांसाठी’ सरसकट वजावटीसाठी आहे. जगभरातले अनिवासी जो फॉर्म भरतात, त्याच्या ऐन वजावटीच्या ओळीत आपल्या देशाचं नाव छापलेलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. आईचं उत्तर आलं, ‘छान. जेवलास का?’

त्या ओळीत तुमची वजावट लिहा. लग्न झालं असलं तरी अनिवाशाला जोडीने रिटर्न भरता येत नाही. वेगळं भरायचं, आणि तेव्हाही रक्कम १५,७५० च. ओळीच्या डावीकडे मोकळ्या जागेत, ही वजावट अमेरिका-भारत करकराराप्रमाणे घेतली आहे अशी इंग्रजी नोंद करायची. नेमके शब्द आयआरएसच्या पब्लिकेशन ५१९ या पुस्तिकेच्या पाचव्या प्रकरणातल्या वर्कशीटखाली दिलेले आहेत, तेच उतरवा. सॉफ्टवेअर ही नोंद बहुतेक आपणहून टाकतं, पण छापील प्रतीवर ती दिसते का ते बघा.

सरसकट वजावट घेतली की तपशीलवार वजावटी घेता येत नाहीत, दोन्ही हातांत लाडू मिळत नाही. विद्यार्थ्याच्या पगारात सरसकटच फायद्याची ठरते.

फॉर्मला ‘शेड्यूल ओआय’ नावाचं पान जोडायचं असतं. त्यात नागरिकत्व, व्हिसा, आल्या-गेल्याच्या तारखा आणि गेल्या तीन वर्षांतले अमेरिकेतले दिवस विचारतात. तारखांसाठी आठवणीवर विसंबू नका, आय-९४ च्या (देशात आल्या-गेल्याच्या सरकारी नोंदीच्या) संकेतस्थळावर प्रवासाचा इतिहास मिळतो. त्याच पानावर करमुक्त उत्पन्नाचा तक्ता आहे. चिनी मित्र त्यात आपले ५,००० लिहितो. तुमचं उत्पन्न करमुक्त होत नाही, त्यातून वजावट मिळते, म्हणून नुसत्या वजावटीसाठी तो तक्ता भरायचा नाही. बऱ्याच जणांचा घोटाळा इथेच होतो.

आणि फॉर्म ८८४३. हा कराचा फॉर्म नाही, ‘माझे दिवस मोजू नका, मी विद्यार्थी आहे’ हे सांगणारा जबाब आहे. एक डॉलरही कमावला नसला तरी भरायचा. एफ-२ वर आलेल्या नवऱ्याने किंवा बायकोने स्वतःचा वेगळा भरायचा. पगार असेल तर १०४०-एनआरबरोबर १५ एप्रिलपर्यंत, आणि उत्पन्नच नसेल तर नुसता ८८४३ पोस्टाने टेक्सासमधल्या ऑस्टिनला, १५ जूनपर्यंत. पोस्टाची पावती जपून ठेवा.

मागच्या वर्षांत वजावट घ्यायची राहून गेली असेल तर तीन वर्षांपर्यंत दुरुस्त रिटर्न भरून रिफंड मागता येतो. एका मुलाला दोन वर्षांचे मिळून बरेच पैसे परत मिळाले. त्यातून त्याने पहिली गोष्ट घेतली ती प्रेशर कुकर.

राज्याचा कर

करार केंद्र सरकारशी झालेला आहे आणि प्रत्येक राज्य तो पाळतंच असं नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया ही राज्यं करारातल्या सवलती मानत नाहीत, तिथे राज्याच्या स्वतःच्या वजावटी आणि नियम. टेक्सास, फ्लोरिडा, वॉशिंग्टन इथे पगारावर राज्याचा करच नाही, त्यामुळे प्रश्नही नाही. वर्षाच्या मध्यात इंटर्नशिपला दुसऱ्या राज्यात गेलात तर दोन राज्यांचे फॉर्म भरावे लागू शकतात.

शेअरवाल्यांसाठी इशारा

फोनवरच्या ॲपमधून अमेरिकन शेअर घेणाऱ्यांची संख्या दरवर्षी वाढते आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

कलम २१ पगार आणि स्कॉलरशिपपुरतं आहे. शेअरच्या नफ्याशी त्याचा संबंध नाही. शेअर विकून झालेला नफा कलम १३ खाली येतो, आणि आपल्या करारातलं हे कलम भलतंच आखूड आहे. दोन्ही देशांनी भांडवली नफ्यावर आपापल्या कायद्याप्रमाणे कर घ्यावा, बस्स. अमेरिकेचा कायदा म्हणतो की अनिवासी माणूस वर्षात १८३ किंवा जास्त दिवस इथे राहिला, तर त्याच्या नफ्यावर सरळ ३० टक्के. वर्षभर शिकणारा विद्यार्थी यात अलगद सापडतो. एका कलमाने दिलं, दुसऱ्याने हात आखडता घेतला.

लाभांशावर अनिवाशाला एरवी ३० टक्के कर आहे. आपल्या कराराने तो सामान्य गुंतवणूकदारासाठी २५ टक्क्यांवर आणला आहे. तो दर मिळायला ब्रोकरकडे डब्ल्यू-८बेन हा अनिवाशांचा फॉर्म भरलेला हवा. बरीच ॲप खातं उघडताना डब्ल्यू-९ पुढे करतात. तो रहिवाशांचा फॉर्म आहे, घाईत ‘ओके’ दाबू नका.

बँकेतल्या बचत खात्याच्या व्याजावर मात्र अनिवाशाला कर नाही. ही सूट अमेरिकेच्याच कायद्यातली आहे.

पोस्टडॉक आणि संशोधक: कलम २२

भारतातून थेट पोस्टडॉक किंवा व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून येणाऱ्यांसाठी वेगळं कलम आहे, आणि ते दुधारी आहे. विद्यापीठात शिकवण्यासाठी किंवा संशोधनासाठी दोन वर्षांपर्यंत आलात, तर त्या पगारावर अमेरिकेत कर नाही. पूर्ण माफी. त्यासाठी फॉर्म ८२३३ भरून पेरोलला द्यायचा.

पण मुक्काम दोन वर्षांपुढे गेला तर माफी पहिल्या दिवसापासून रद्द होते. तिसऱ्या वर्षी मागच्या दोन्ही वर्षांचा कर व्याजासकट दारात उभा राहतो. काही देशांच्या करारांत फक्त दोन वर्षांनंतरचा पगार करपात्र होतो आणि आधीची माफी टिकते. आपल्या करारात ती सोय नाही. डीएस-२०१९ वर (जे व्हिसासाठीच्या, मुक्कामाची मुदत सांगणाऱ्या कागदावर) पहिल्यापासून तीन वर्षं लिहिलेली असतील, तर अनेक विद्यापीठं ८२३३ घ्यायलाच नकार देतात, आणि बरोबरच करतात. माझा सल्ला, मुदतवाढीची जराही शक्यता असली तर ही माफी घेऊच नका. नाहीतर महिन्याला वाचणारे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्यांना हात लावू नका. इथेच पीएचडी करून पोस्टडॉक झालेल्यांना हे कलम सहसा लागू होत नाही, कारण ते ‘लगेच आधी’ भारताचे रहिवासी नसतात.

एच-१बी लागलं त्या वर्षी

एच-१बी हा नोकरीचा व्हिसा साधारणपणे १ ऑक्टोबरपासून सुरू होतो. त्या दिवसापासून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर कापायला लागतात आणि ते बरोबर आहे, भांडायला जाऊ नका. पाच वर्षांच्या आतले असाल तर विद्यार्थी म्हणून घालवलेले दिवस मोजले जात नाहीत आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ९२ दिवसच भरतात. म्हणून त्या वर्षी बहुतेक जण अजून अनिवासीच, म्हणजे १०४०-एनआरच. ऑक्टोबरनंतरच्या पगारामुळे कलम २१ त्या वर्षी कसं लावायचं, यासाठी मात्र एकदा जाणकाराला पैसे देऊन विचारा. ते वर्ष स्वतः भरायचं नाही.

पाच वर्षं ओलांडून रहिवासी झालात की सरसकट वजावट इतर रहिवाशांसारखीच मिळते. तेव्हा कलम २१ ची गरजच उरत नाही.

आणि त्या कापल्या जाणाऱ्या सोशल सिक्युरिटीबद्दल. जर्मनी, जपान, फ्रान्स, कॅनडा अशा देशांशी भारताचे सामाजिक सुरक्षा करार आहेत. पुण्याहून कंपनीने जर्मनीला पाठवलेला इंजिनिअर पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र दाखवून तिथली दुहेरी वर्गणी ठरावीक मुदतीपर्यंत टाळू शकतो. अमेरिकेशी असा करार नाही. इथली पेन्शन मिळायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. सात वर्षं एच-१बीवर काढून कोथरूडला परतलेल्या माणसाची वर्गणी इथेच राहते.